चिपळूणकर, कृष्णशास्त्री

(१८२४–२० मे १८७८). अव्वल इंग्रजी अमदानीतील एक मराठी ग्रंथकार, व्याकरणचिकित्सक आणि अरबी अद्‌भुतकथांचे भाषांतरकार. संपूर्ण नाव कृष्णशास्त्री हरि चिपळूणकर. जन्म पुण्यास. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) हे त्यांचे पुत्र होत.

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेत त्यांचे शिक्षण झाले. मोरशास्त्री साठे ह्यांच्या हाताखाली त्यांनी न्याय, अलंकार व धर्मशास्त्र ह्या विषयांचे अध्ययन केले. शास्त्राध्ययनानंतर ते इंग्रजी शिकले. जुन्या परंपरेतील विद्वत्ता आणि नव्या विद्येची जिज्ञासा ह्यांचा मेळ त्यांच्या ठिकाणी पडला, तो असा. पुढे त्यांनी सरकारी भाषांतरकाराचे काम केले; पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्राचार्य होते; देशी वृत्तपत्रांवरील ‘रिपोर्टर’ म्हणूनही ते सरकारी सेवेत होते. १८५२ मध्ये त्यांनी विचारलहरी हे नियतकालिक काढले. शिक्षणखात्याच्या शालापत्रकाचे संपादनही त्यांनी केले.

त्या काळी मराठी गद्य घडत होते. शाळांसाठी पुस्तके हवी होती आणि ती बहुधा इंग्रजीवरूनच तयार होत. सॉक्रेटिसाचे चरित्र (१८५२), अर्थशास्त्रपरिभाषा (१८५५), अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह (१८६१) ही कृष्णशास्त्र्यांची पुस्तके ह्याच गरजेतून निर्माण झाली. पद्यरत्नावलीत (१८६५) कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी केलेले पद्य भाषांतर आहे. डॉ. जॉन्सनच्या रासेलसचे भाषांतर त्यांनी हाती घेतले. ते विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केले (१८७३).

त्यांचे सर्वांत लोकप्रिय लेखन म्हणजे अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी हे होय. ह्या कथा युरोपास प्रथम परिचित झाल्या, त्या आंत्वान गालां ह्या फ्रेंच पंडिताच्या भाषांतरामुळे (१७०४–१७). गालां हाही पौर्वात्य भाषांचा अभ्यासक होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. कृष्णशास्त्र्यांनी मूळ अरबीचा नव्हे, तर इंग्रजी भाषांतराचा आधार घेतला. ग्रंथ अनेक भागांत सिद्ध झाला आणि त्याच्या पूर्ततेस विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले ह्यांचाही हातभार लागला. सिंदबादच्या सफरी, अल्लाउद्दिनाचा दिवा, अलीबाबाची गुहा ह्यांनी मराठी वाचकांच्या अनेक पिढ्या रमविल्या. शास्त्रीपंडितांच्या गद्यात संस्कृत समासांचा जो भार असे, तो येथे नाही. बगदादचे व्यापारी आणि खलिफा घरच्या मराठीत बोलतात. सिंहासनबत्तिशीसारखी कथापुस्तके मराठीत पूर्वीही छापली गेली होती. परंतु केवळ आवडीने वाचणारा मोठा वाचकवर्ग गद्यास मिळवून देण्यात ह्या गोष्टींचा वाटा विशेष आहे. मुक्तामाला (१८६१), रत्नप्रभा (१८६६), मंजुघोषा (१८६८) ह्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्या ह्याच सुमाराच्या. त्या केवळ अरबी कथांच्या अनुकरणातून निपजल्या असे म्हणता येणार नाही, कारण संस्कृत कथावाङ्‌मयाचे संस्कारही त्यांवर आहेत. मात्र त्यांचा आणि ह्या गोष्टींचा वाचक एकच होता.

भाषाविषयक लेखनात कृष्णशास्त्र्यांचे वेगळेच रूप दिसते. दादोबा पांडुरंग ह्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याची घडण पुष्कळशी इंग्रजी व्याकरणांच्या नमुन्यावर होती. कृष्णशास्त्र्यांनी शालापत्रकातून लिहिलेल्या निबंधांत दादोबांच्या प्रतिपादनाची कसून चिकित्सा केली. विभक्ती, प्रयोग ह्यांसारख्या वादग्रस्त विषयांत त्यांना संस्कृत व्याकरणपरंपरेतील व्युत्पत्तीचा उपयोग झाला. हे लेखन मराठी व्याकरणावरील निबंध ह्या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले (१८९३). मोरो केशव दामले ह्यांनी शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) कृष्णशास्त्र्यांच्या मतांचा परामर्श घेतला आहे.

कृष्णशास्त्र्यांची स्वतंत्र ललित निर्मिती अल्प आहे. त्यांची बहुतेक प्रतिभा परक्या ग्रंथांच्या सेवेत खर्ची पडली आणि त्यामुळे पुत्राच्या कीर्तीपुढे त्यांचे नाव काहीसे मागे पडले. तथापि त्यांची दोन्ही कार्ये परस्परपूरक होती. मराठीला स्वतःचे नियम आहेत हे त्यांनी व्याकरणनिबंधांत दाखविले. ती भाषा कोणतीही दूरची कल्पनासृष्टी सहज पेलू शकते, ह्याचा प्रत्यय त्यांनी गोष्टींतून आणून दिला. शंभराहून अधिक वर्षांनी गौरी देशपांडे ह्यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी भाषांतरावरून अरेबियन नाइट्स सोळा खंडांत मराठीत आणले. तोपर्यंत मराठी वाचकांना अरबी कथांचे जग परिचयाचे झाले होते, ते मुख्यतः कृष्णशास्त्र्यांच्या भाषांतरामुळेच.