मनोरंजन उद्यान
मनोरंजन उद्यान : यांत्रिक पाळणे, चक्री, वेगवान गाड्या, जलक्रीडा इ. करमणुकीची साधने कुंपण घातलेल्या जागेत, प्रवेशमूल्य आकारून, कायमस्वरूपी उपलब्ध करून देणारे स्थळ. जत्रेतील साधनांशी त्याचे नाते जवळचे आहे. तथापि जत्रा तिथीला भरते आणि उठते, तर उद्यानाला विस्तीर्ण व स्वस्त जमीन कायमची लागते. त्याच्या इतिहासात यंत्रांइतकेच महत्त्व जमिनीला आहे.

यूरोपात या प्रकाराची मुळे जुनी आहेत. कोपनहेगनजवळील बाकनचा आरंभ १५८३ चा मानतात. व्हिएन्नाचे प्राटर हे राजघराण्याचे शिकारीचे रान दुसऱ्या जोझेफने १७६६ मध्ये लोकांना खुले केले. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने सु. ८० मी. उंचीचा आकाशपाळणा उभारला. त्याला ३६ डबे असून प्रत्येकात ६० माणसे मावत. आपल्याकडील जत्रांत हाताने फिरविला जाणारा लाकडी रहाटपाळणा याच तत्त्वावर चाले. भोवती कुंपण घालून दारावरच पैसे घेण्याची पद्धत मात्र न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे पॉल बॉयटनच्या ‘सी लायन पार्क’ने (१८९५) रूढ केली. अमेरिकेतील ट्रॅम कंपन्यांनी सुटीच्या दिवशी उतारू मिळावेत म्हणून मार्गांच्या शेवटच्या टोकाला अशी उद्याने काढली. वॉल्ट डिझ्नीच्या डिझ्नीलँडने (१९५५) कथाविषयावर आधारलेल्या उद्यानांना जगभर लोकप्रियता मिळवून दिली.

मुंबईकरांना पाळण्यांची हौस प्रामुख्याने माहीमचा उरूस, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा अशा प्रसंगी भागविता येई. भारतात दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले (ते २००८ मध्ये बंद पडले). त्यानंतर १९८९ मध्ये सुभाष चंद्र यांच्या एस्सेल उद्योगसमूहाने गोराई येथे एस्सेल वर्ल्ड काढले. कांदिवली-बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडे, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांची जुनी गावे असलेला हा भाग आहे. खाडीवर पूल नसल्याने गोराई किंवा मार्वे येथून बोटीने जावे लागे, अन्यथा भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा पडे. ही गैरसोय मुलांना मात्र सहलीचा पहिला खेळच वाटे. पाळण्यांखेरीज तेथे बर्फावरील स्केटिंगचीही सोय होती. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम हे जलोद्यान सुरू झाले. दोन्ही मिळून क्षेत्र सु. ६४ एकर होते. लगतच्या भूमीवर उभारलेल्या विश्व विपश्यना पॅगोडाचे उद्‌घाटन २००९ मध्ये झाले. करमणूक व मौन यांचा असा शेजार क्वचितच आढळतो.

याच काळात खाडीच्या अलीकडे, चारकोप व गोराई येथे, जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाखाली अल्प उत्पन्न गटांसाठी भूखंड पाडले जात होते. एका तीरावर राहण्यासाठी वीतभर जागेचे वाटप आणि दुसऱ्या तीरावर केवळ खेळासाठी एकरांनी जमीन, असा हा विरोध होता. पुढे उपनगरांत मोकळी भूमी दुर्मीळ झाली. जोगेश्वरीचे फँटसी लँड बंद पडले. २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले इमॅजिका हे उद्यान शहराबाहेर, खोपोलीजवळ निघाले. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले.