खांदशेकणी: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. याला म्हणतात खांदशेकणी. खांदाच का? कारण जू तिथंच बसतं.

जुन्या गॅझेटियरमध्ये एक नोंद आहे. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे पाठवला म्हणे! तेव्हा इथं रेल्वे नव्हती. वऱ्हाडचा कापूस जगात पोचला तो याच खांद्यांवरून. श्रावण अमावस्येची ती एका दिवसाची सुट्टी आणि पुरणपोळी म्हणजे त्या कष्टांची आठवण.

आमच्या अकोल्याकडच्या घरी ट्रॅक्टर आला, आजोबांची जोडी विकली गेली. आता मातीचे बैल पुजतो. आजी मात्र त्यांच्याही खांद्याला तूप लावते.

तुमच्या गावात किती जोड्या उरल्यात? यंदा पोळ्याला मोजून सांगा.