क्युबिकलचा कोन

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या खोलीचं माप घ्यायला सुतारकाका आले. आठ टेबलांच्या जागी बारा बसवायची होती. "तुझा विषयच ऑफिसांचा ना, तूच सांग कसं करायचं," म्हणून सगळ्यांनी काम माझ्यावर ढकललं. माझा विषय ऑफिस फर्निचरचा इतिहास आहे, टेबलं लावणं नव्हे! पण टेप धरून उभ्या असलेल्या काकांकडे बघताना मला प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातला माणूस आठवला, रॉबर्ट प्रॉप्स्ट.

आयटी कंपन्यांमुळे क्युबिकल आता आपल्याकडेही सगळ्यांच्या परिचयाचं आहे. छातीएवढ्या पार्टिशनचा चौकोनी खण. तो बघितला की वाटतं, हे डोकं कुणातरी कंजूष मॅनेजरचं असणार. पण झालं होतं उलटंच.

प्रॉप्स्ट मुळात कलाकार, शिल्पकार. 1960च्या सुमारास हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीने त्याला संशोधनाची जबाबदारी दिली. तेव्हाच्या मोठ्या अमेरिकन ऑफिसांत साहेबांना बंद खोल्या असायच्या आणि बाकीच्यांची टेबलं हॉलमध्ये शाळेच्या बाकांसारखी रांगेत. प्रॉप्स्टचं म्हणणं होतं, माणूस दिवसभर एका जागी बसायला जन्मलेला नाही, आणि कागद ड्रॉवरमध्ये गेला की डोक्यातूनही जातो. म्हणून 1964 साली 'अ‍ॅक्शन ऑफिस' बाजारात आलं. त्यात उभ्याने काम करायचं उंच टेबल होतं, कागद नजरेसमोर ठेवायची सोय होती. जॉर्ज नेल्सनने त्याला देखणं रूप दिलं. कौतुक झालं, पण महाग असल्यामुळे खप बेताचाच.

मग 1968 साली दुसरी आवृत्ती आली. हलकी, हलवता येणारी पार्टिशनं आणि त्यांवर टांगायची टेबलं-फळ्या. प्रॉप्स्टच्या मनात पार्टिशनं जोडायची ती 120 अंशांत. या कोनात तीन पार्टिशनं एकमेकांच्या आधाराने नीट उभी राहतात, आणि बसणाऱ्याला आडोसाही मिळतो, समोर मोकळं अंगणही. काम बदललं की रचना बदलायची.

गिऱ्हाइकांनी मात्र तीच पार्टिशनं 90 अंशांत जोडली. का? इमारतीचा मजला असतो चौकोनी. 120 अंशांची रचना केली की कडेला वेडेवाकडे कोपरे उरतात. काटकोनात काही वाया जात नाही, माणसं जास्त मावतात. शिवाय हिशेबाचं गणित होतं. 1962 साली अमेरिकेत घसाऱ्याचे नियम बदलले होते. इमारतीच्या पक्क्या भिंतीपेक्षा फर्निचरची किंमत करात कितीतरी लवकर वजा करता यायची, आणि पार्टिशन हे फर्निचर! 1970 साली खुद्द नेल्सनने कंपनीला पत्र लिहून नाराजी कळवली. जास्तीत जास्त माणसं कोंबू पाहणाऱ्यांचीच या वस्तूने सोय होईल, असा त्याचा सूर होता. उतारवयात प्रॉप्स्टनेही या प्रकाराबद्दल हळहळ व्यक्त केली.

आता प्रश्न असा, की ही डिझाइनची चूक की वापरणाऱ्याची? मला वाटतं, प्रश्नच अपुरा आहे. पार्टिशन हलवता येत होतं, हे खरं. पण ते हलवायचा अधिकार कोणाकडे होता? त्यामागे बसणाऱ्याकडे नक्कीच नव्हता.

याच काळातल्या जर्मनीकडे बघितलं की हे जास्त कळतं. तिथे श्नेले बंधूंनी 1950च्या दशकाच्या शेवटी भिंती काढून, कागदपत्रांचा प्रवास बघून टेबलं मांडायची पद्धत आणली. कुंड्या, पडदे, मोकळा हॉल. हेतू चांगलाच होता. पण गोंगाट, खिडकीपासूनचं अंतर यांवर कर्मचारी कुरकुरू लागले. फरक पुढे आहे. 1972च्या कायद्याप्रमाणे कामाच्या जागेची आखणी करताना कर्मचाऱ्यांच्या समितीला माहिती देणं, तिच्याशी चर्चा करणं मालकावर बंधनकारक झालं. नंतरच्या जर्मन ऑफिसांत खिडकीलगतच्या छोट्या खोल्या परत आल्या, त्यामागे हेही एक कारण. फसलेलं डिझाइन तिथे दुरुस्त होऊ शकलं, कारण तक्रार ऐकणं कोणाला तरी भाग होतं.

तर आमची खोली. मी नकाशा काढलाच नाही. कोण कधी येतं, कोणाला फोनवर मुलाखती घ्यायच्या असतात, कोणाला खिडकी हवी, एवढं एका कागदावर सगळ्यांकडून लिहून घेतलं. तिघं जण फील्डवर्कमुळे आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्यांना मिळून एक टेबल चालणार होतं. म्हणजे दहा टेबलं पुरली आणि खिडकीपाशी फोनसाठी एक कोपरा उरला. काकांना म्हटलं, फक्त एक करा, काही जमिनीला ठोकू नका.

"ताई, मग मी माप कशाला घेतलं?" काका म्हणाले.