एका टेबलावरची शाळा

मूल हुशार निघाले की घरात आनंद होतो, आणि तेच मूल अबोल निघाले की त्या आनंदाला काळजीची किनार लागते. वर्गात पन्नास-साठ पोरे असली की गुरुजींचे लक्ष दंगा करणाऱ्याकडे जाते, नाहीतर मागे पडणाऱ्याकडे. जे पोर आपले गणित आधीच सोडवून मुकाट्याने खिडकीबाहेर पाहत बसते, त्याची दखल कोण घेणार? मग आईबापांच्या मनात येते, याला घरीच का शिकवू नये? आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची विद्या वाचनालयात, सभेत आणि संपाच्या मंडपात मिळालेली. तेव्हा शाळेची थोरवी गाण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि तिची निंदा करण्याची हौसही नाही. परंतु इतिहासात या प्रयोगाचे एक उदाहरण असे आहे की, त्याचा जमाखर्च खुद्द त्या मुलानेच पुढे मांडून ठेवला. तो वाचण्यासारखा आहे.

जेम्स मिल हा स्कॉटलंडातल्या एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १८०२ साली तो लंडनला आला आणि मासिकांत लेख लिहून पोट भरू लागला. १८०६ साली त्याला पहिला मुलगा झाला, तोच जॉन स्टुअर्ट मिल. त्याच वर्षी बापाने हिंदुस्थानच्या इतिहासाचा ग्रंथ लिहावयास घेतला. हिंदुस्थानात पाऊल न ठेवता लिहिलेला हा ग्रंथ १८१७ च्या सुमारास तीन खंडांत पुरा झाला, आणि पुढे कंपनी सरकारच्या साहेबांनी आपल्या देशाकडे ज्या चष्म्यातून पाहिले, त्याच्या काचा बऱ्याच अंशी या ग्रंथाने घासून दिल्या. हा ग्रंथ ज्या टेबलावर लिहिला जात होता, त्याच टेबलावर जॉनची शाळा भरत असे.

तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषा सुरू झाली. बाप कागदाच्या तुकड्यांवर ग्रीक शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून देई. त्या काळी ग्रीक शब्दकोशातले अर्थ लॅटिनमध्ये असत, आणि लॅटिन तर पोराला येत नव्हते. म्हणून प्रत्येक अडलेला शब्द तो बापाला विचारी. बाप स्वभावाने तापट. तरीही लिखाण थांबवून तो उत्तर देई. सकाळी फराळापूर्वी दोघे फिरावयास जात, आणि आदल्या दिवशी काय वाचले ते मुलगा टिपणांवरून सांगे. आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. तेही फिरता फिरताच: आज बापाने सांगावयाचे, उद्या मुलाने लिहून आणावयाचे, आणि स्पष्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहावयाचे.

आता जमेची बाजू पाहू. चौदाव्या वर्षी जॉन फ्रान्सला निघाला तेव्हा बापाने त्याला एक गोष्ट बजावली. इतरांपेक्षा तुला जास्त येते, हा तुझा मोठेपणा नव्हे. शिकवू शकणारा, आणि त्यासाठी वेळ व कष्ट खर्च करणारा बाप तुला मिळाला, हे तुझे नशीब. मुलाने हे आयुष्यभर मान्य केले. आपली उपजत बुद्धी मध्यमाहूनही कमीच होती, आणि निरोगी, साधारण बुद्धीच्या कोणत्याही मुलाला वा मुलीला हे जमेल, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले. यात विनय असेल, पण खरे भांडवल कोणते ते यातून कळते. ते भांडवल म्हणजे मोठ्या माणसाचा वेळ.

आणि हा वेळ कोणाजवळ होता? जॉनने अर्थशास्त्राचे धडे गिरवले ते १८१९ साल. त्याच साली विलायतेत कापड गिरण्यांसाठी कायदा झाला: नऊ वर्षांखालील मूल कामावर घेऊ नये, आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. ही सुधारणा होती! आपल्याकडे १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांच्या मुलाला नऊ तास कामाची मुभा ठेवली. त्या पोरांत किती जॉन मिल होते, हे कोण मोजणार? बारा तासांची पाळी करून आलेला बाप तिसऱ्या वर्षाच्या पोराला शब्दांचे कागद कधी लिहून देणार? आठ तासांच्या दिवसाची मागणी ही नुसती विश्रांतीची मागणी नव्हती. तीत मुलांच्या शिक्षणाचीही मागणी होती, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता खर्चाची बाजू. जॉनला सुट्टी नव्हती, बरोबरीचे सवंगडी नव्हते. हाताच्या कामात तो दीर्घकाळ अडाणी राहिला. आठव्या वर्षापासून धाकट्या बहिणीला शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि पुढे इतर भावंडांचेही. नऊ मुलांचा संसार ओढणाऱ्या आईचा तर त्याच्या छापील आत्मचरित्रात उल्लेखच नाही. त्या टेबलावरची पुस्तके आपण मोजतो; त्या घरातल्या चुलीपुढचे कष्ट कोणी मोजले? जॉन जन्मतः अबोल नव्हता, वडील माणसांशी वाद घालण्यात तरबेज होता. पण मनातले बोलावयाची सवय त्याला लागली नाही. १८२६ साली, विसाव्या वर्षी, त्याचे मन एकाएकी खचले. ज्या सुधारणांसाठी आपण झटतो त्या सर्व आजच साध्य झाल्या तरी आपल्याला सुख होणार नाही, असे त्याला कळून चुकले. हे सांगावे कोणाला? बाप तर अगदी शेवटचा माणूस. त्याने कोणाला काही सांगितले नाही. कित्येक महिन्यांनी एका फ्रेंच लेखकाच्या आठवणींत पित्याच्या मृत्यूचा प्रसंग वाचताना त्याचे डोळे भरून आले, आणि तेथून तो सावरू लागला.

आम्हां संघटनेच्या माणसांना आणखी एक नोंद महत्त्वाची वाटते. मजुरीसाठी भांडवलाचा ठराविक साठाच असतो. म्हणून संघटनेने एका कामगाराची मजुरी वाढवली तर ती दुसऱ्याच्या तोंडचा घास काढूनच, अशा अर्थाचा सिद्धान्त त्या काळी मान्य होता. लहानपणी मिळालेल्या अर्थशास्त्राच्या मुशीतलाच तो होता, आणि १८४८ च्या आपल्या ग्रंथात जॉननेही मजुरीचा विचार त्याच चौकटीत केला. १८६९ साली त्याने तो उघडपणे सोडून दिला. तेव्हा त्याचे वय ६३ होते. त्याला हे पटवले कोणी? कंपनीच्या कचेरीत पूर्वी बरोबर काम केलेल्या थॉर्नटन नावाच्या स्नेह्याच्या ग्रंथाने. घरच्या शाळेत तो विचार करावयास शिकला. पण तेथील एक गाठ सुटली ती बाहेरच्या माणसाच्या हाताने. चूक दिसताच ती कबूल करण्याचे धैर्य मात्र त्याला घरच्याच तर्कशास्त्राने दिले असावे, हेही आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो.

श्रोतेहो, ज्याच्या ग्रंथांवर आगरकरांची पिढी पोसली, त्याच्या बालपणाचा हा हिशेब आहे. १८५९ साली त्याने स्वतः लिहिले की, प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालेच पाहिजे असा आग्रह सरकारने धरावा, गरिबांची फी द्यावी; मात्र सर्वांची मने एका साच्यात ओतू नयेत. तोडगा या दोहोंच्या मधोमध आहे. ज्याला वेळ आहे त्याने आपल्या अबोल मुलाला घरी अवश्य शिकवावे, पण दार लावून नव्हे. त्या टेबलाभोवती शेजारची चार पोरे बसू द्यावीत. मुलाच्या हातांना काम द्यावे, आणि जे तो बोलत नाही तेही ऐकावे. आणि ज्याला वेळ नाही, त्याला तो मिळावा म्हणून, वर्गातली पोरे कमी व्हावीत म्हणून, वस्तीत वाचनालय असावे म्हणून आपण सर्वांनी भांडावे. एका बापाने एका पोरासाठी जे केले, ते सर्व पोरांसाठी करावयाचे तर एकटे घर पुरत नाही. त्याला समाजच बाप व्हावा लागतो.