नांगरलेल्या कापसाचे पैसे

सन १९३३ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांतील शेतकऱ्यांनीं उभ्या कपाशींत नांगर घातला. पीक रोगानें गेलें नव्हतें, पाण्यावांचून करपलेंहि नव्हतें. तें चांगलें येण्याचीच सर्वांना धास्ती होती. १९२९ सालीं रत्तलास सुमारें १७ सेंट असलेला भाव १९३२ पर्यंत ६ सेंटांच्या आसपास घसरला होता, आणि गुदामें जुन्या कापसानें भरलेलीं होतीं. १२ मे १९३३ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ज्या शेतकी कायद्यावर सही केली, त्याचें मर्म एवढेंच कीं, जो पीक कमी करील त्यास सरकार पैसे देईल. हे पैसे गिरण्यांवर कापसाच्या रत्तलामागें ४.२ सेंट कर बसवून उभे करावयाचे होते. सुमारें १ कोटि एकर कापूस मोडण्यांत आला. रोपें न तुडवितां सरींतून चालण्यास शिकविलेलीं खेचरें आतां रोपांवर पाय देईनात, असें त्या वेळचे लोक सांगत. माणसांना तसला संकोच परवडण्यासारखा नव्हता.

परंतु जमीन ज्याची तो आणि कापूस लावणारा तो, हे दोघे तेथें पुष्कळदां निराळे असत. १९३० च्या खानेसुमारींत दक्षिणेंत अर्धेलीनें शेती करणारे सुमारें ७ लाख ७६ हजार भरले; त्यांत काळे होते तसे गोरेहि होते. जनावर, अवजार व बियाणें मालकाचें, राबणूक कुटुंबाची, आणि पीक निम्में निम्में. वर्षभराचें धान्य उधारीनें घ्यावयाचें तेंहि बहुधा मालकाच्याच दुकानांतून. त्यामुळें हिशेबाची वही एकाच्याच हातीं असे. पहिल्या वर्षींच्या सरकारी पैशांतला कुळाचा वांटा अनेक ठिकाणीं याच वहींत जुन्या बाकीपोटीं वळता झाला.

१९३४ च्या करारानें तर प्रमाणच ठरवून टाकलें. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या अपेक्षित पिकावर रत्तलामागें साडेतीन सेंट ‘भाडें’ म्हणून मालकास. त्यावरचा एक सेंट मात्र वांटून. म्हणजे मालकास चार, अर्धेलीवाल्यास अर्धा. वॉशिंग्टनमधील कापूस विभागावर बड्या मळेवाल्यांची छाप होती, हें या आंकड्यांवरून उघड दिसतें. आर्थिक व्यवहार पाहणारे ऑस्कर जॉन्स्टन हे स्वतः मिसिसिपीमधील एका अवाढव्य मळ्याच्या कंपनीचे अध्यक्ष होते. ती कंपनी मँचेस्टरच्या सूतवाल्यांच्या मालकीची, आणि तिलाहि या अनुदानाचे कांहीं लाख डॉलर पोंचले.

करारांत एक कलम कुळांच्या बाजूचें होतें: मालकानें शक्य तोंवर कुळांची संख्या कायम राखावी. ‘शक्य तोंवर’ हे दोन शब्द फार सोयीचे ठरले. आर्कान्सामधील टायरोंझा येथें जुलै १९३४ मध्यें काळ्यागोऱ्या कुळांनीं एकत्र येऊन दक्षिणी कुळांचा संघ स्थापिला, आणि हुसकावलेल्यांची दाद मागितली. संख्या म्हणजे तींच माणसें, असा अर्थ खात्यांतील कांहीं वकिलांनीं लावला. ५ फेब्रुवारी १९३५ रोजीं त्यांचे प्रमुख जेरोम फ्रँक व त्यांचे सहकारी यांना कामावरून काढण्यांत आलें. शेतकीमंत्री वॉलेस यांनीं त्यास संमति दिली.

जानेवारी १९३६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो कर घटनाबाह्य ठरविला. अनुदान मात्र दुसऱ्या नांवानें चालू राहिलें. १९३८ च्या कायद्यानें कुळास त्याच्या पिकाच्या वांट्याइतका हिस्सा, आणि तोहि थेट त्याच्या हातीं, देऊं केला. हा न्याय उशिरां आला, शिवाय त्याला एक पळवाट होती. वांटा कुळाचा असतो, रोजंदारीवाल्याचा नसतो. कूळ मोडून त्याच माणसास मजुरीवर ठेवलें कीं सगळी रक्कम मालकाची. आणि त्याच रकमेंतून ट्रॅक्टर घेतला कीं मजूरहि थोडे पुरत. १९४० च्या खानेसुमारींत अर्धेलीवाले सुमारें ५ लाख ४१ हजारच उरले होते.