मृगातील हिरवी रेषा : एका रात्रीची पूर्वतयारी

१८९३ साली बाळ गंगाधर टिळकांचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगनक्षत्रात होता त्या काळाच्या आठवणी वेदवाङ्मयात सापडतात आणि म्हणून त्या वाङ्मयाचा एक थर इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपास नेता येतो, असा त्याचा मुख्य सिद्धान्त. तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील पुण्याचे बौद्धिक चरित्र लिहिताना आपण वाङ्मयाचे अभ्यासक या दोन ग्रंथांची नावे घेतो आणि ते योग्यच आहे. परंतु टिळकांच्या ग्रंथाच्या दोन वर्षे आधी, १८९१ साली, त्याच पुण्यात, त्याच मृगनक्षत्राकडे आणखी एक माणूस पाहत होता. त्याच्यापुढे ऋचा नव्हत्या, एक वर्णपटदर्शक होता. त्याचा प्रश्नही मृग किती जुना हा नव्हता. मृगाच्या पोटातील तेजोमेघ कशाचा बनला आहे, हा होता.

या माणसाचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांचे नाव आमच्या पिढीने विद्यार्थिदशेत ऐकले नव्हते. आम्ही भाषेचे अध्यापक; वर्णपटशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही या एका वेधाकडे आम्हांला पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते, कारण ‘पाहणे’ आणि ‘पाहिलेल्याचा अर्थ लावणे’ यांतील जे अंतर आम्ही वर्गात कवितेच्या निमित्ताने समजावू पाहतो, ते येथे एका हिरव्या रेषेच्या कडांवर येऊन ठेपले होते.

प्रथम वादाची हकीकत सांगितली पाहिजे. १८५९-६० च्या सुमारास किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्य तापले असता आपल्या ठराविक रेषाच प्रकाशात उमटवते. रेषा ओळखता आल्या की द्रव्य ओळखता येते, मग ते प्रयोगशाळेत असो वा आकाशात. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला. तेजोमेघ म्हणजे दुरून धूसर दिसणारे ताऱ्यांचे थवे असतील, तर ताऱ्यांसारखा अखंड रंगपट्टा दिसायला हवा होता. दिसल्या त्या काळोखावर उमटलेल्या मोजक्या तेजस्वी रेषा. म्हणजे तो तारकांचा थवा नव्हता, विरळ वायू होता. मात्र त्यांतील सर्वांत तेजस्वी हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना. अज्ञात द्रव्याची ती रेषा मानली जाऊ लागली आणि त्या द्रव्याला पुढे ‘नेब्युलियम’ असे नावही मिळाले.

हे मत नॉर्मन लॉकियर यांना मान्य नव्हते. सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेवरून हीलियमची कल्पना मांडणारे ते हेच लॉकियर. १८८७ पासून ते एक व्यापक उपपत्ती मांडत होते : विश्वातील सर्व ज्योती उल्कांच्या थव्यांपासून घडतात आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळून तापणाऱ्या उल्का. उल्कांत मॅग्नेशियम असते आणि मॅग्नेशियम जळताना त्याच्या वर्णपटात हिरव्या भागात एक पट्टा दिसतो. या पट्ट्याची लालकडची कड रेखीव असते आणि जांभळ्याकडे तो विरत जातो. तेजोमेघातील हिरवी रेषा म्हणजे या पट्ट्याचाच उरलेला अंश, असे लॉकियर म्हणत. याचा अर्थ असा, की एका रेषेच्या दोन कडा कशा आहेत यावर एक विश्वोत्पत्ती अवलंबून होती. दोन्ही कडा सारख्याच रेखीव असतील तर लॉकियर यांचा आधार जातो. एक कड विरत असेल तर तो बळकट होतो.

नायगमवाला यांची या वादातील स्थिती नाजूक होती. १८८२ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. आरंभीचा विचार वर्णपटविषयक प्रयोगशाळेचा होता. नायगमवाला इंग्लंडला गेले, तेथील ज्योतिर्विदांचा सल्ला घेतला, त्यांत लॉकियरही होते, आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळेचा बेत ठरला. मुंबईपेक्षा पुण्याची हवा अनुकूल म्हणून ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभी राहिली. हे कॉलेज म्हणजे आजचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ. ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ या नावाने ती ओळखली जाई. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली वीस इंची आरशाची दुर्बीण १८८८ मध्ये तेथे बसली. त्या काळी ती देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेचे स्वरूप ठरले, त्यांतील एकाच्या आवडत्या सिद्धान्ताची परीक्षा आता तिच्याच आरशासमोर होणार होती.

अशी रात्र आयत्या वेळी पाहू म्हणून साधत नाही. त्या काळच्या उपकरणांची आणि आकाशाची गणिते मांडली, की तिची पूर्वतयारी कशी असावी लागते हे आपल्यालाही उलगडता येते.

पहिला विचार ऋतूचा. पावसाळ्याचे चार महिने पुण्यात वेधाला निरुपयोगी. शिवाय काचेवरच्या चांदीच्या मुलाम्याला दमट हवा बाधते. दुसरा विचार स्थळाचा. मृगातील तेजोमेघ खगोलीय विषुववृत्ताच्या साडेपाच अंश दक्षिणेस आहे. लंडनमध्ये तो क्षितिजावर ३८ नव्हे, फार तर ३३ अंश चढतो. पुण्यात ६६ अंश. लंडनला त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या सुमारे १.८ पट जाडीतून येतो, पुण्याला जेमतेम १.१ पट. हगिन्स आणि लॉकियर ज्या गोष्टीवर भांडत होते, ती पाहण्यास पुणे हे त्या दोघांच्याही गावांपेक्षा सोयीचे ठिकाण होते. वसाहतीतील वेधशाळा म्हणजे केंद्राच्या कामाला जोडलेली दूरची चौकी, असे आपण सहज समजतो. येथे भूगोलानेच तो क्रम उलटा केला होता.

तिसरा विचार वेळेचा. उदाहरणार्थ फेब्रुवारीची अखेर घेऊ. त्या सुमारास मृग स्थानिक वेळेनुसार सायंकाळी सातच्या आसपास याम्योत्तरवृत्तावर येतो. संधिप्रकाश पुरता मावळेपर्यंत साडेसात होतात. पावणेअकरापर्यंत तेजोमेघ तीस अंशांवर उतरतो आणि एकच्या आत मावळतो. म्हणजे कामाचे तास सुमारे तीन, आणि त्यांतलाही उत्तम भाग सर्वांत आधीचा. म्हणून जुळवाजुळव सूर्यास्तापूर्वीच झाली पाहिजे : घुमट उघडून आरसा बाहेरच्या हवेइतका निवू देणे, चालकयंत्राची गती पाहणे, फट आणि लोलक जुळवणे. अंधार पडल्यावर जो किल्ली शोधू लागतो, त्याचा मृग पश्चिमेला कलतो.

चौथा विचार फटीचा. फट रुंद ठेवली तर प्रकाश पुष्कळ येतो, पण रेषा जाड होते आणि तिच्या कडांविषयी काहीच सांगता येत नाही. फट अरुंद केली तर कडा स्पष्ट होतात, पण रेषा इतकी मंद होते की डोळा चकतो. म्हणून एकच रुंदी धरून चालत नाही. रुंदी बदलून पुन्हा पुन्हा पाहावे लागते. ताळ्यासाठी आणखी एक सोय निसर्गानेच ठेवली आहे. त्याच दृश्यात निळ्याकडे दुसऱ्या दोन रेषा दिसतात, त्यांतील एक हायड्रोजनची. ती रेखीव दिसत असेल आणि मुख्य रेषा विरलेली, तर दोष उपकरणाचा नाही. दोन्ही विरलेल्या असतील तर आधी उपकरण तपासावे, सिद्धान्त नंतर.

पाचवा विचार डोळ्याचा. त्या वेळच्या सामान्य छायापट्टिकांना हिरव्या रंगाची जाण जवळजवळ नव्हती, म्हणून हे काम डोळ्यालाच करावे लागे. अंधाराला सरावलेला डोळा सुमारे ५०७० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. तेजोमेघाची मुख्य रेषा ५००७ च्या आसपास आहे. निरीक्षकाच्या दृष्टीने हा सुदैवी योग. परंतु तुलनेसाठी शेजारी मॅग्नेशियम जाळायचे, तर त्याचा झगझगीत उजेड तो सराव क्षणात मोडतो. तेव्हा तुलना केव्हा, किती वेळ आणि किती मंद प्रकाशात करायची, याचाही क्रम आधीच ठरला पाहिजे.

सहावा विचार गतीचा. रेषेची जागा आणि मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड यांत जेमतेम अर्ध्या-पाऊण अँगस्ट्रॉमचा फरक होता. पण पृथ्वी स्वतः सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते आणि केवळ तेवढ्याने रेषा अर्धा अँगस्ट्रॉम सरकू शकते. फेब्रुवारीच्या अखेरीस पृथ्वी मृगापासून दूर जात असते, त्यामुळे रेषा लालकडे सरकते. तारीख न पाहता रेषेची जागा सांगणारा निरीक्षक आपल्याच प्रवासाला ताऱ्यांचा गुण समजून बसतो. जागेचा हा हिशेब कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी १८९० च्या सुमारास ३६ इंची दुर्बिणीने काटेकोरपणे मांडला आणि रेषा मॅग्नेशियमच्या कडेशी जुळत नाही असे दाखवले. कडांच्या स्वरूपाला मात्र गतीचा उपसर्ग नाही. रेषा सरकली तरी रेखीव ती रेखीवच राहते. वीस इंची दुर्बिणीने काय विचारावे आणि काय विचारू नये, याचा विवेक या फरकात आहे.

नायगमवाला यांनी काय पाहिले? वेगवेगळ्या परिस्थितींत पाहूनही रेषा रेखीवच दिसली. विरत जाणाऱ्या पट्ट्याची खूण तीत नव्हती. हे निरीक्षण १८९१ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘मंथली नोटिसेस’मध्ये आले. मार्गदर्शकाला अनुकूल असे काही दिसावे, असा मोह मंद रेषेपुढे बसलेल्या डोळ्याला होणे अशक्य नव्हते. पूर्वतयारीचे खरे काम अशा मोहाला जागा न ठेवणे हेच होते.

पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. लॉकियर यांची उल्कोपपत्ती मागे पडली, पण हगिन्स यांच्या बाजूचे अज्ञात द्रव्यही टिकले नाही. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत ‘नेब्युलियम’ला जागाच उरली नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी कोडे सोडवले : ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. पृथ्वीवरच्या दाट वायूत अणू एकमेकांवर इतक्या लवकर आदळतात की ही रेषा उमटण्यास अवसरच मिळत नाही. तेजोमेघाच्या विरळपणात तो मिळतो. आपण ज्याचा श्वास घेतो त्याच वायूला साठ वर्षे परके नाव होते. दोन्ही पक्षांचे अन्वय पडले आणि ‘रेषा रेखीव आहे’ हे साधे वर्णन मात्र १९२७ नंतरही खरेच राहिले. संहितेचे शब्द नेमके नोंदवणारा संपादक आणि तिचा अर्थ लावणारा भाष्यकार यांच्या आयुर्मर्यादांत जो फरक असतो, तो येथे आठवावा.

वेधशाळेचे आयुष्य मात्र त्या वर्णनाइतके नव्हते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नायगमवाला यांनी जेऊर येथे तळ देऊन सूर्याच्या वर्णपटाचे वेध घेतले. पण संस्था एका माणसाभोवती उभी होती. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती बंद झाली आणि उपकरणे कोडाईकॅनॉलला गेली. ती वीस इंची दुर्बीण तेथे ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दात्याचे नाव तिच्याबरोबर गेले, पुण्याचे राहिले नाही. ‘ओरायन’ आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ यांना ग्रंथालये, वाचक आणि पुढचे प्रतिवाद मिळाले. वेधाला तसे काही मिळायचे तर त्याच जागी दुसऱ्या रात्री दुसरा माणूस बसावा लागतो.

पुणे जिल्ह्यात गिरवली येथे २००६ साली आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली आणि तिला वर्णपटलेखकही आहे. तेथे रात्र मागणाऱ्या विद्यार्थ्याला आजही तेच प्रश्न सोडवावे लागतात : लक्ष्य किती वाजता किती उंचीवर, चंद्र कोठे, फट किती रुंद, तुलनेचा दिवा केव्हा. मॅग्नेशियमच्या ज्योतीची जागा हीलियम, निऑन यांसारख्या वायूंच्या दिव्यांनी घेतली आहे आणि डोळ्याची जागा विद्युत्-संवेदकाने, एवढाच फेर. या रात्रींची टिपणे इंग्रजीत होतात, १८९१ ची नोंदही इंग्रजीतच झाली. मराठीच्या विद्यार्थ्याने एकोणिसाव्या शतकाचा प्रबंध लिहिताना टिळकांच्या मृगाशेजारी हा दुसरा मृगही मांडावा, अशी आमची अपेक्षा आहे. त्यासाठी वर्णपटशास्त्र शिकावे लागत नाही. माघातल्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी घराच्या गच्चीवर जाऊन तीन ताऱ्यांच्या बाणाखालचा तो धूसर ठिपका एकदा पाहिला, म्हणजे आरंभ होतो.