यंत्राच्या पोटातले यंत्र

नांदेडकडच्या किंवा लातूरकडच्या एखाद्या जुन्या घरातली पेटी उघडली, तर तळाशी कधी कधी हाली सिक्क्याचा रुपया सापडतो. त्याच्या एका बाजूस चारमिनार, भोवती फारसी अक्षरे. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो बाजारात चालवला. निजामाचे नाणे निराळे, टपाल निराळे, रेल्वे निराळी, कचेरीची भाषाही निराळी. मोंढ्यात बसलेल्या माणसाला वाटावे, की हे एक संपूर्ण, स्वयंभू राज्य आहे. पण तसे ते नव्हते. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. महसूल, न्याय, नाणी पाडणे हा रोजचा कारभार त्याचा तो करी. मात्र परक्या सत्तेशी बोलणी करायची म्हटली, की प्रकरण हैदराबादच्या रेसिडेंटपाशी अडे. पुढे काय व्हायचे ते तिथे ठरे.

मी इतिहासाचा मास्तर. आज मला बोलायचे आहे संगणकाविषयी, आणि सुरुवातीलाच निजामाला मध्ये आणले आहे. त्याचे कारण पुढे येईल. आधी एक अडचण सांगतो.

आमच्या महाविद्यालयात १९९० नंतरच्या दशकात माझ्या आधीच्या प्राध्यापकांनी एक चांगले काम करून ठेवले होते. विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून त्यांनी वृद्ध माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. काही हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या, काही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाच्या. त्या आठवणी संगणकावर टंकलिखित झाल्या. मूळ वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. ज्यांनी त्या सांगितल्या, त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. उरल्या त्या फाइली. आणि एके दिवशी तो जुना संगणकही बंद पडला.

त्यातली डिस्क शाबूत होती. नव्या संगणकाला जोडली, फाइली दिसल्याही. पण पेजमेकर नावाच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मांडल्या होत्या, ते नव्या यंत्रावर नव्हते. सोबत काही साधा मजकूर होता, तो उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि चिन्हे यांची नुसती रांगोळी! शिक्षक मंडळींपैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी मराठी टंक बनवणारा प्रत्येक कारखाना आपापल्या सोयीने अक्षरे बसवी. इंग्रजी अक्षराच्या जागी एकाने ‘क’ ठेवला, तर दुसऱ्याने तिथे वेलांटी. तो टंक असेल तर मराठी, नसेल तर कचरा. भारत सरकारने १९९१ साली भारतीय लिपींसाठी एक प्रमाण संकेत ठरवून दिला होता, परंतु छपाईच्या दुकानांत त्याला फारसे कोणी विचारले नाही.

एका दुकानदाराने सांगितले, “सर, आता हे विसरा.” आमच्या संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याने मात्र तीनच प्रश्न विचारले. जुन्या विंडोज एक्सपीची तबकडी आहे का? पेजमेकरची आणि टंकाची आहे का? परवान्याची चिठ्ठी जपली आहे का? कपाट धुंडाळल्यावर तिन्ही सापडले. त्याने लिनक्सवर चालणारा एक साधा संगणक घेतला आणि त्याच्या पोटात दुसरा संगणक उभा केला.

हे कसे झाले, ते सांगायला हवे. संगणकात एक मुख्य कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. स्मृती कोणाला किती द्यायची, डिस्कवर कुठे लिहायचे, कळफलकावरचे अक्षर कोणाकडे पोचवायचे, हे सगळे तो पाहतो. एका यंत्रात एकच धनी, हा त्याचा स्वभाव. मग एका यंत्रात दोन कारभारी कसे नांदायचे? त्यासाठी एकाला यजमान करायचे, दुसऱ्याला पाहुणा. यजमानाने पाहुण्यासाठी एक खोटे यंत्र रचायचे. आपल्या स्मृतीचा एक तुकडा द्यायचा आणि म्हणायचे, ही तुझी सगळी स्मृती. एक मोठी फाइल द्यायची आणि म्हणायचे, ही तुझी डिस्क. पाहुण्याला वाटते, सारे घर आपलेच आहे. साधी बेरीज-वजाबाकी तो खऱ्या प्रोसेसरवरच, थेट आणि पुऱ्या वेगाने करतो. पण ज्या हुकमाने साऱ्या घराची व्यवस्था हलेल, असा एखादा हुकूम त्याने सोडला, की तो अडवला जातो. यजमान तो तपासतो, पाहुण्याच्या खोट्या यंत्रापुरता करून दाखवतो, आणि पाहुणा काहीच घडले नसल्यासारखा पुढे जातो.

आता निजाम आणि रेसिडेंट आठवा. दाखला सर्वांगाने लागू पडत नाही, हे मी जाणतो. निजामाला आपल्या डोक्यावर कोण बसले आहे ते पुरेपूर ठाऊक होते. पाहुण्याला मात्र पत्ताही नसतो.

ही युक्ती निघाली ती टंचाईतून. १९६० नंतरच्या त्या काळात एकेक संगणक खोलीभर पसरलेला आणि अतिशय महाग, वापरणारे मात्र अनेक. अमेरिकेतील केंब्रिज या गावी आयबीएम कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली सीपी-४० नावाच्या व्यवस्थेचे काम हाती घेतले. १९६७ च्या आरंभी ती वापरात आली. एकाच यंत्रात चौदापर्यंत खोटी यंत्रे एका वेळी चालत, आणि प्रत्येकासमोर बसलेल्याला वाटे, यंत्र माझ्या एकट्याचे! १९७२ साली आयबीएमने हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी यंत्र कसे असले म्हणजे त्यात असे पाहुणे बिनधोक ठेवता येतील, याचा नियमच मांडला. थोडक्यात तो असा: यजमानाच्या अधिकाराला हात घालणारा प्रत्येक हुकूम अडवता आला पाहिजे.

पुढे टेबलावरचे छोटे संगणक आले, स्वस्त झाले, आणि ही विद्या मागे पडली. ज्याला त्याला स्वतःचे यंत्र मिळू लागल्यावर पाहुणे ठेवतो कोण? शिवाय आपल्या घराघरांत आलेल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरमध्ये एक खोड होती. त्याच्या सतरा सूचना अशा, की पाहुण्याने त्या दिल्या तर त्या अडत नसत. अडत नसत, आणि बरोबरही होत नसत. गुपचूप भलतेच काही होऊन जाई. रेसिडेंटला न कळता दूत सीमेपार जावा, तशातली गत. १९९९ साली व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीने असे हुकूम चालू कामातच भाषांतरित करण्याची हिकमत बाजारात आणली. माल उत्तम, पण विकतचा आणि झाकलेला. आतली रचना पाहण्याची मुभा नाही.

झाकण उघडले ते २००३ साली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन ही व्यवस्था खुली झाली. त्याच वर्षी फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने क्यूएमू प्रसिद्ध केले. सबंध यंत्राची नक्कल नुसत्या लिखाणातून उभी करणारा हा माणूस, मला विचाराल तर, या साऱ्या कथेतला खरा कलावंत. २००५ आणि २००६ साली इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच हुकूम अडवण्याची सोय केली. तिचा फायदा घेऊन अवी किविटी या इस्रायली अभियंत्याने केव्हीएम लिहिले, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. त्याच वर्षी जानेवारीत व्हर्च्युअलबॉक्सही खुले झाले होते. म्हणजे जी चैन एकेकाळी आयबीएमच्या श्रीमंत गिऱ्हाइकांची होती, ती आता फुकट, आणि आतून तपासून पाहता येईल अशी, तालुक्याच्या शाळेपर्यंत येऊ शकली.

आमच्या यंत्रात एकूण आठ जीबी स्मृती होती. पाहुण्याला आम्ही तिचा सोळावा हिस्सा दिला आणि एक्सपीला तेवढी भरपूर झाली. इंटरनेट त्याला दिले नाही, कारण एक्सपीची दुरुस्ती कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच थांबवली. असा म्हातारा पाहुणा अंगणाबाहेर सोडू नये. यजमान फुकट असला तरी पाहुणा फुकट नसतो, त्याचा परवाना लागतोच. आणखी दोन गोष्टी करून पाहणाऱ्यांसाठी सांगतो. पुष्कळ संगणकांत प्रोसेसरची ती सोय मुळात बंद ठेवलेली असते. यंत्र सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. दुसरी आपल्याकडच्या विजेची. मध्येच वीज गेली तर पाहुण्याची डिस्क, म्हणजे ती मोठी फाइल, बिघडू शकते. आमची एकदा बिघडली. पण ती फाइलच असल्यामुळे आदल्या दिवशी पाहुण्याला झोपवून तिची प्रत काढून ठेवली होती. ती परत जागेवर ठेवली आणि काम पुढे सुरू. खऱ्या संगणकाला असा कालचा दिवस इतक्या सहज परत मिळत नाही. शाळेतल्या मुलांना संगणक खुशाल मोडू द्यायचा असेल, तर तो असा पाहुणा असावा.

एक्सपी सुरू झाली, पेजमेकर चढले, टंक बसला, आणि पहिली फाइल उघडली. ती किल्लारीजवळच्या एका आजीबाईंची होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती, असे त्या सांगत होत्या. पंचवीस वर्षे पडद्यावर न आलेली ती मराठी, काना-मात्रेसकट समोर उभी राहिली. खोलीत आम्ही चौघे होतो. थोडा वेळ कोणी बोलले नाही.

आता विद्यार्थी एकेक फाइल पाहुण्यात उघडतात, छापतात, आणि शेजारच्या यंत्रावर युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करतात. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचा मात्र काही भाग डिस्कवर नव्हताच. तो अकरा फ्लॉप्यांवर आहे, आणि त्यांना बुरशी लागली आहे. ते काम पाहुण्याच्या हातचे नाही. चालू फ्लॉपी ड्राइव्ह कोणाच्या माळ्यावर पडला असेल, तर आम्हाला हवा आहे.